मिस्त्रीने तोफ खाली आणली

मिस्त्रीची बायको म्हणायची, आपल्या नवऱ्याने आयुष्यात दोनच गोष्टींवर जीव लावला. एक लिफ्ट आणि दुसरा पिवळ्यांचा फुटबॉल संघ. त्यातली लिफ्ट निदान खाली आली की पुन्हा वर तरी जाते. हे ती चारचौघांत म्हणायची आणि मिस्त्री हसून सोडून द्यायचा. पिवळे गेली काही वर्षं तळाला रखडत होते. दर मोसमात शेवटच्या मॅचपर्यंत जीव टांगणीला लावायचे आणि खालच्या गटात घसरण्यापासून कसेबसे वाचायचे. घरात मात्र टॉवेल पिवळा, उशीचे अभ्रे पिवळे, बाल्कनीतली खुर्चीसुद्धा त्याने पिवळी रंगवून टाकलेली. घराला कावीळ झालीय, हा बायकोचा दुसरा ठरलेला विनोद होता.

लोकांना वाटतं, असं वेड रिकामटेकड्यांना लागतं. मिस्त्री रिकामटेकडा अजिबात नव्हता. शहरातल्या निम्म्या जुन्या इमारतींच्या लिफ्ट त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. एखाद्या लिफ्टचा नुसता आवाज ऐकून तो सांगायचा, की हिचं हे दुखतंय. पण पिवळ्यांचा विषय निघाला की हाच माणूस बावळटासारखा बोलायला लागायचा. 'यंदा होईल' हे वाक्य त्याने इतक्या वेळा म्हटलं होतं, की शेजारचा न्हावी त्याची दाढी करताना तेच वाक्य आधी म्हणून टाकायचा.

या वेडाला आणखी एक कारण होतं, आणि ते न्हाव्याला माहीत नव्हतं.

मैदानाच्या पूर्वेकडच्या स्टँडमध्ये, एका जाड खांबामागे, दोन खुर्च्या होत्या. तिथून एक गोलपोस्ट नीट दिसायचा आणि दुसरा गोलपोस्ट मान वाकडी केल्यावर. वडिलांनी स्वस्तात मिळाल्या म्हणून मोसमाचे पास तिथले काढले होते आणि त्यांच्यामागे ते दोघा भावांकडे आले. एकीवर मिस्त्री बसायचा आणि दुसरीवर दादा. दादा शाळेत भूगोल शिकवायचा, आवाज मोठा आणि मत त्याहून मोठं. मैदानाबाहेर हे दोघे सख्खे भाऊ एकमेकांशी अक्षरही बोलत नव्हते.

ते आईच्या आजारपणात झालं. आईचं हृदय थकलं होतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर थोडी आशा आहे. आई म्हणाली, "राहू दे रे आता. मला घरी ने." दोन्ही मुलांसमोर म्हणाली, शुद्धीत म्हणाली. दादा तिला घरी न्यायला परगावाहून गाडी आणायला गेला आणि तेवढ्यात मिस्त्रीने ऑपरेशनच्या कागदावर सही करून टाकली. आशा हा शब्द ऐकला की त्याचं डोकं चालायचं बंद व्हायचं, लहानपणापासूनच. आई टेबलावरून उठली नाही. दादा गाडी घेऊन आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये, मामा, मावशी, दोघांच्या बायका, सगळ्यांसमोर दादा एवढंच म्हणाला, "ती नको म्हणत होती." त्यानंतर तो मिस्त्रीशी बोलायचाच थांबला.

बायका फोनवर बोलायच्या, वहिनी मिस्त्रीच्या बायकोला लोणच्याचं प्रमाण विचारायची, पण भावांचं बंद ते बंद. पास मात्र दोघांनीही सोडला नाही. आई गेल्यानंतरच्या पहिल्या मॅचला दोघे शेजारीशेजारी बसले, एसटीत अनोळखी माणसं बसतात तसे, कोपर कोपराला लागणार नाही याची काळजी घेत. मग रेफ्रीने धडधडीत पेनल्टी नाकारली आणि दोघांच्याही तोंडून एकदमच शिवी बाहेर पडली. तीही एकच. तिथून एक रिवाज पडला. कुणी ठरवला नाही, पण दोघेही पाळायचे. खुर्चीत बसल्यावर फुटबॉलचं हवं ते बोलायचं, भांडायचं, एकमेकांच्या मांडीवर थापसुद्धा मारायची. घरचा विषय काढायचा नाही. मॅच संपली की फाटकातून बाहेर पडायचं, दादाने डावीकडे जायचं आणि मिस्त्रीने उजवीकडे, मागे वळून न बघता.

मिस्त्रीला तेवढा भाऊ पुरत होता. पुरवून घ्यायला तो शिकला होता. आठवडाभर तो मनातल्या मनात वाक्यं जमवायचा, की या वेळी दादाला संघाच्या डाव्या बगलेबद्दल हे सांगू, गोलकीपरबद्दल ते विचारू. म्हणून गेल्या मोसमाच्या शेवटच्या मॅचला दादा जे बोलला ते त्याच्या मनातून जाईना. पिवळे त्या दिवशी वाचले, तेही दुसरा एक संघ हरला म्हणून. दादा उभा राहिला, खांबाकडे बघत म्हणाला, "बास झालं आता. चांगला स्ट्रायकर आणला तर ठीक, नाहीतर मी काही पुढचा पास काढणार नाही." आणि डावीकडे निघून गेला.

सुट्टीचे महिने मिस्त्रीने कसे काढले ते त्याच्या बायकोलाच ठाऊक. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत असते, तिला सगळे खिडकी म्हणतात. ती खिडकी उघडली आणि हा माणूस देव पाण्यात घालून बसला. सकाळी उठल्याबरोबर मोबाइल, जेवताना मोबाइल, लिफ्टच्या खड्ड्यात उतरतानाही एक कान रेडिओकडे. पिवळ्यांच्या मालकाने जाहीर करून टाकलं होतं, की यंदा संघ खालच्या गटात घसरला तर मी संघ बंद करणार आणि मैदान विकून मोकळा होणार. त्याला एकच स्ट्रायकर परवडणार होता. तो कोण, यावर शहरात पैजा लागल्या.

आणि मग नाव फुटलं. तोफ.

खरं नाव कुणी घेत नसे. दोन वर्षांपूर्वी या तोफेने अर्ध्या देशाच्या गोलकीपरांची झोप उडवली होती. मग एका बड्या संघाने त्याला नेलं आणि बाकावर बसवून ठेवलं. का बसवलं, ते कुणालाच कळलं नाही. बड्या घरी असंच होतं, चांगलं भांडं कपाटात पडून राहतं, असं न्हाव्याचं म्हणणं पडलं. मिस्त्रीला ते इतकं पटलं, की त्याने त्या दिवशी डोक्याला तेलमालिशही करून घेतली. मैदानाबाहेरच्या भिंतीवर पोरांनी तोफेचं चित्र रंगवलं, तोंडातून पिवळा धूर निघतोय असं. मिस्त्री ते बघायला मुद्दाम वाट वाकडी करून गेला. तिथे उभा असताना त्याला वाटलं, दादानेही हे पाहिलं असेल. पाहिलंच असेल.

पण करार काही होईना. आज होतोय, उद्या होतोय, बड्या संघाचं अडलंय, दलालाचं अडलंय. असं करता करता खिडकीचा शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी पाचला खिडकी बंद होणार होती.

पिवळ्यांच्या कचेरीचं छत गळायचं, त्यामुळे मोठे करार एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये व्हायचे. त्या हॉटेलच्या दोन्ही लिफ्ट मिस्त्रीकडे होत्या. त्या दिवशी कुठलीही तक्रार नसताना मिस्त्री सकाळपासून तिथे हजर होता. सर्व्हिसिंग आहे म्हणाला. ज्या लिफ्टला गेल्याच महिन्यात तेल दिलं तिला पुन्हा तेल दिलं, दारांच्या पट्ट्या पुसल्या, बटणंसुद्धा फडक्याने चमकवली. त्याच्या जोडीदाराला त्याने दुसऱ्या कामावर पाठवून दिलं होतं, उगीच त्याची थट्टा नको म्हणून.

दुपार कलली तशी लॉबी पत्रकारांनी भरली. हॉटेलच्या मॅनेजरने शक्कल लढवली. दलाल आणि पिवळ्यांचे अधिकारी पुढच्या लिफ्टने वर गेले, कॅमेरे त्यांच्यामागे धावले, आणि तोफेला मागच्या दाराने आणून सामानाच्या लिफ्टमध्ये एकट्याला बसवून दिलं. ती लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबली आणि हलेना.

मॅनेजर धापा टाकत मिस्त्रीकडे आला. "आत कोण आहे माहितेय ना?"

"माहितेय," मिस्त्री म्हणाला. त्याचे पाय जिन्यावर पडतही होते आणि पडतही नव्हते.

गच्चीवर लिफ्टची मशीनरूम होती. ग्रीसचा वास, मोटर, भिंतीला टांगलेला मोठा लोखंडी चक्का आणि कोपऱ्यात आतल्या माणसाशी बोलायचा जुनाट फोन. मिस्त्रीने पॅनेल उघडलं. बिघाडाचा दिवा लागलेला नव्हता. लागला होता तो दुसराच, आतलं लाल बटण दाबलं गेलंय हे सांगणारा. त्याच्या जिवात जीव आला. सामान टेकल्याने ते बटण पुष्कळदा दाबलं जातं. त्याने फोन उचलला आणि अडकलेल्या प्रत्येक माणसाला तो जे म्हणायचा तेच म्हणाला.

"घाबरू नका, मी आहे इथे. लिफ्टमिस्त्री बोलतोय. दाराजवळ एक लाल बटण आहे बघा, ते चुकून दाबलं गेलंय. फक्त बाहेर ओढा."

पलीकडचा श्वास ऐकू आला. मग आवाज आला, टीव्हीवर मुलाखतींत ऐकलेला, पण त्याहून बारीक. "चुकून नाही. मीच दाबलंय."

मिस्त्रीने पॅनेलवरच्या दिव्याकडे पुन्हा पाहिलं.

"काका, आणखी कोण आहे तुमच्याबरोबर?"

"कोणी नाही. मी एकटाच."

"तुम्ही फुटबॉल बघता का?"

आता, या प्रश्नाचं उत्तर ज्याच्या उशीचा अभ्रासुद्धा देऊ शकला असता, त्या माणसाने काय सांगावं? मिस्त्रीला वाटलं, हो म्हटलं तर हा गप्प बसेल, आणि गप्प बसला तर बटणावरचा हात सुटायचा नाही. तो म्हणाला, "नाही बुवा. आम्हाला कुठला वेळ."

"बरंय," तोफ म्हणाला, आणि मग बोलतच सुटला. अनोळखी माणसाजवळ जीव मोकळा करतात तसा. "दीड वर्षापूर्वी एक गोलकीपर माझ्या अंगावर धावून आला. मी पाय काढला नाही. त्याच्या पायाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, काका. तो आता काठी घेऊन चालतो. मी त्याला भेटून आलो, तो चांगलं बोलला माझ्याशी, चहा दिला. पण तेव्हापासून समोरून गोलकीपर आला की माझा पाय थांबतो. मी थांबवत नाही, आपोआप थांबतो. तिकडे बाकावर बसून असतो म्हणून कुणाला कळलं नाही. इथे कळेल. इथली माणसं म्हणे भिंतीवर माझं चित्र काढून बसलीयेत."

"सरावात होतो का गोल?" मिस्त्रीच्या तोंडून निघून गेलं.

"सरावात होतो. मॅचमध्ये नाही."

"कधीच नाही?"

"नाही. दलालाला सांगितलं तर म्हणतो, जागा बदलली की जमेल. मला नाही म्हणता येत नाही त्याला. करारच तसा आहे. फक्त खिडकी बंद झाली तर कुणी काही करू शकत नाही. तेवढा वेळ मला इथे राहू द्या. लिफ्ट बिघडली म्हणा. लिफ्ट तर बिघडतातच."

"जागा बदलल्यावर जमतंही," मिस्त्री म्हणाला. "माणूस दुसरीकडे गेला की—"

"काका, मी नको म्हणतोय."

हे त्याने ओरडून म्हटलं नाही. अगदी सावकाश म्हटलं.

"बघतो," मिस्त्री म्हणाला आणि फोन ठेवला.

इथे कुणीही विचारेल, की ज्याचा पिवळ्यांवर एवढा जीव त्याने तर ती लिफ्ट तिथेच सडू द्यायला हवी होती. गोल होत नाही हे दस्तुरखुद्द तोफेने सांगितल्यावर आणखी काय कळायचं राहिलं? पण चाहत्याचं डोकं तसं चालत नाही. मिस्त्री त्या ग्रीसच्या वासात उभा राहिला आणि त्याच्या मनात आलं, सरावात होतो ना? मग होईल. आमच्या मैदानावर होईल. तिथला आवाज ऐकला की पाय आपोआप सुटेल. त्याला भिंतीवरचा पिवळा धूर दिसला, आणि त्याहून स्पष्ट दिसली ती खांबामागची रिकामी खुर्ची. दादाची. तो संबंध मोसम त्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसणार होता आणि जमवलेली वाक्यं घरी परत आणणार होता. घड्याळाचा काटा पाचाकडे सरकत होता. खालून मॅनेजरच्या हाका येत होत्या.

त्याने मेन स्विच बंद केला आणि भिंतीवरचा चक्का काढून मोटरला बसवला. लाल बटण दाबलेलं असताना मोटर चालत नाही, पण ब्रेक सोडून चक्का हाताने फिरवला तर लिफ्ट सरकते. बटण दाबणाऱ्याला काहीही वाटो. या कामाला दोन माणसं लागतात, एक ब्रेक धरायला आणि एक चक्का फिरवायला, असं तो स्वतःच नव्या लोकांना दटावून सांगायचा. त्याने डाव्या हाताने ब्रेकचा दांडा ओढला आणि उजव्या हाताने चक्का. खांद्यातून कळ आली. दोर इंचाइंचाने सरकू लागला. प्रत्येक मजल्याची खूण म्हणून त्या दोराला रंगाचा पट्टा मारलेला असतो. तो रंग मिस्त्रीनेच निवडला होता, त्यामुळे पिवळा होता.

कोपऱ्यातला फोन वाजू लागला. तो वाजत होता, थांबत होता आणि पुन्हा वाजत होता. मिस्त्रीचे दोन्ही हात अडकलेले होते. मोकळे असते तरी त्याने उचलला नसता, हे त्याला तेव्हाही माहीत होतं. पिवळा पट्टा खुणेवर आला तेव्हा त्याने दांडा सोडून ब्रेक लागू दिला आणि जिन्यावरून ओरडला, "तिसरा मजला. दार उघडा."

तो खाली पोचेपर्यंत तोफेला घेऊन सगळे जिन्याने वर गेले होते. लिफ्ट उघडी, रिकामी, आणि लाल बटण तसंच दाबलेलं. लॉबीतल्या टीव्हीवर त्याने बाकीचं पाहिलं. तोफेने पिवळी जर्सी छातीशी धरली होती. फोटोवाल्यांनी हसा म्हटलं की तो हसत होता.

पहिल्या मॅचला मिस्त्री वेळेच्या कितीतरी आधी जाऊन बसला. खेळाडू मैदानात उतरायच्या थोडं आधी दादा आला, खुर्ची रुमालाने झटकली, बसला आणि म्हणाला, "आणला बाबा एकदाचा."

"आणला," मिस्त्री म्हणाला. त्याचा आनंद पोटात मावेना. त्याच्या मनात आलं, मी आणला. दादा, मी या हातांनी आणला.

त्या मॅचला तोफेने दोन छान पास दिले. दुसऱ्या मॅचला गोलकीपर समोर आला आणि चेंडू त्याच्या पायात अडखळला. होतं असं, दादा म्हणाला, नवा आहे. तिसऱ्या मॅचला पुन्हा तेच झालं. मिस्त्रीला मात्र अडखळणारा चेंडू दिसत नव्हता, थांबणारा पाय दिसत होता. सगळ्या स्टँडमध्ये तो पाय त्याला एकट्यालाच दिसत होता. मोसम अर्ध्यावर येईस्तोवर तोफेच्या खात्यावर एकही गोल नव्हता. भिंतीवरच्या चित्रातला धूर कुणीतरी चुन्याने पुसला आणि खाली 'फुसकी' असं लिहिलं. न्हाव्यानेही पक्ष बदलला. हे भांडं कपाटात का होतं ते आता कळलं, म्हणाला.

दादा तर चवताळला. तोफेच्या पायात चेंडू गेला की त्याचा वर्गातला आवाज अख्ख्या स्टँडला ऐकू जायचा. "अरे, तुला गोल काढून दाखवू का फळ्यावर?" लोक हसायचे. मिस्त्री मान खाली घालून म्हणायचा, "जाऊ दे रे. बोलू नको त्याला." दादा विचारायचा, "का? तुझा जावई आहे का तो?" भाऊ शेजारी राहावा एवढ्यासाठी मिस्त्रीने सगळी धडपड केली होती, आणि आता तो बोलायला लागला की याला कान बंद करून घ्यावेसे वाटत.

एकदा तो खेळाडूंच्या बाहेर पडायच्या दाराशीही जाऊन उभा राहिला. माफी मागायची, असं ठरवून गेला होता. तोफ मान खाली घालून आला, कुणीतरी त्याच्या अंगावर पाण्याची बाटली फेकली, आणि मिस्त्री गर्दीत दोन पावलं मागे सरकला. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "भेटला का तुझा तोफसाहेब?" त्याने जेवायचं नाही म्हणून सांगितलं. बायकोने विनोद केला नाही, ताट झाकून ठेवलं.

शेवटच्या मॅचला पिवळ्यांना जिंकायलाच हवं होतं. बरोबरीही चालणार नव्हती. मालक येऊन बसला होता आणि त्याच्याबरोबर कोट घातलेली दोन माणसं होती. ती खेळ बघत नव्हती, मैदान बघत होती. मॅच शून्य-शून्यवर अडली. दादा खुर्चीच्या टोकावर बसला होता आणि त्याचा हात नकळत मिस्त्रीच्या मनगटावर पडला होता. मांडीवरची थाप नव्हे, असा टेकून राहिलेला हात किती वर्षांनी, ते मिस्त्रीने मोजलं नाही. तो हात हलू नये म्हणून तो स्वतः हललाच नाही.

अगदी शेवटी मधल्या फळीतून एक चेंडू निसटला आणि तोफ एकटा पुढे सुटला. मागे कुणी नाही, समोर फक्त गोलकीपर. सगळं मैदान उभं राहिलं. गोलकीपर धावत आला. मिस्त्री पुटपुटला, "सोड पाय. सोड, बाबा." तोफेचा पाय मागे गेला आणि तिथेच थांबला. चेंडू हळूहळू घरंगळत गेला आणि गोलकीपरने तो वाकून उचलला.

शिटी वाजली. पिवळे खाली गेले.

नंतर काही वेळ कुणालाच काही समजत नव्हतं. कुणी रडत होतं, कुणी खुर्च्या लाथाडत होतं. तोफ पूर्वेकडच्या कडेला, यांच्या स्टँडच्या अगदी खाली, गुडघ्यांत डोकं घालून बसला होता आणि वरून त्याच्या अंगावर कागदाचे बोळे, बाटल्या, शिव्या पडत होत्या. त्याच्याजवळ एकही खेळाडू गेला नाही. दादाने तोंडापाशी दोन्ही हात धरले आणि ओरडायला श्वास घेतला.

मिस्त्री उठला आणि पायऱ्या उतरून खालच्या कठड्यापाशी गेला. काय बोलायचं ते त्याने ठरवलं नव्हतं. तोंडातून जे आयुष्यभर निघत आलं तेच निघालं. "घाबरू नका. मी आहे इथे."

तोफेने डोकं वर केलं. आवाज कुठे ऐकलाय ते त्याला आठवायला वेळ लागला नाही. त्याने मिस्त्रीच्या गळ्यातला पिवळा स्कार्फ पाहिला, पिवळी टोपी पाहिली.

"तुम्ही तर म्हणाला होतात, फुटबॉल बघत नाही," तो म्हणाला. रागावून नाही, एखादी न कळलेली गोष्ट विचारावी तसं. मग दोन सुरक्षा कर्मचारी आले आणि त्याला धरून आत घेऊन गेले.

मिस्त्री वळला तर दादा मागेच उभा होता. शिवी देण्यासाठी घेतलेला श्वास त्याने सोडून दिला होता. "तो तुला ओळखतो?"

दोघे जाऊन आपापल्या खुर्चीत बसले. स्टँड रिकामं होत होतं. मिस्त्रीने सांगितलं. हॉटेल, लाल बटण, फोन, गोलकीपरचं हाड, चक्का. काही लपवलं नाही. सांगताना तो खांबाकडे बघत होता.

दादाने सगळं ऐकून घेतलं. "त्याने बटण चुकून नव्हतं दाबलं?"

"नाही."

"नको म्हणाला?"

"म्हणाला."

"स्पष्ट?"

"स्पष्ट म्हणाला, दादा."

दादाने मैदानाकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, "आईसुद्धा स्पष्टच म्हणाली होती." त्या खुर्चीत बसून तिचं नाव त्याने पहिल्यांदाच काढलं होतं.

मिस्त्री म्हणाला, "तू म्हणालास पास काढणार नाही. चांगला स्ट्रायकर आला नाही तर तू येणार नाहीस म्हणालास. मग आपण बोललो कुठे असतो? मला दुसरं काही दिसेचना रे."

दादाने त्याच्याकडे पाहिलं. समोरासमोर, डोळ्यांत. मैदानावरून नजर काढून त्याने असं पाहिलं नव्हतं आई गेल्यापासून.

"पास तर मी सुट्टी लागायच्या आधीच काढून ठेवला होता," तो म्हणाला. "तसं मी दरवर्षीच घरी म्हणतो."

खालून रखवालदार ओरडला, की फाटक बंद करायचंय. दोघे उठले. दादाने रुमाल काढून आपली खुर्ची झटकली, मग मिस्त्रीचीही झटकली, आणि दोघे जिना उतरले. फाटकापाशी येऊन दोघेही थांबले. मैदान आता विकलं जाणार होतं, मॅचचं बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि दुसरं काही बोलायची सवय दोघांनाही राहिली नव्हती. दादा एकदा काहीतरी म्हणणार असं वाटलं. मग तो डावीकडे गेला. मिस्त्री तिथेच उभा राहिला, रखवालदाराने त्याला बाजूला व्हायला सांगेपर्यंत.